चिकातला मका

कुट्टी मशीन बांधावर येऊन उभं राहिलं, तेव्हा राधाकृष्णाने मका कापू देणार नाही म्हणून सांगितलं.

चांगुणाला आधी वाटलं, भावजी चेष्टा करताहेत. दरवर्षी शेजारी राधाकृष्णाच्या या रानातला मका चिकात आला, दाण्यात दूध भरलं, की ती तो हिरवा, उभाच विकत घ्यायची. कुट्टी करून, खड्ड्यात दाबून वर्षाचा मुरघास भरायची. त्यावर तिच्या चार गाई वर्ष काढायच्या. लिहिणं नाही, सही नाही. पेरणीच्या वेळी बांधावर शब्द झाला की झाला. मक्याचे पैसे रोख, आणि वर राधाकृष्णाच्या नातीला, सृष्टीला, रोज सकाळी तांब्याभर दूध. त्या दुधाचा हिशेब आजवर कुणी मांडला नव्हता.

"शब्द दिल्ता तुमी," ती म्हणाली.

"दिल्ता की. पन वैनी, आता मक्याचं इथेनॉल व्हतंय. पेट्रोलात घालत्यात. दाना वाळवून ठिवला की एजंट दारातून उचलनार हाय. हिरवा तुमाला देऊन मी येडा ठरू व्हय?"

त्याचंही खोटं नव्हतं. गावातल्या सभेत पुढाऱ्याने सांगितलं होतं, देशाच्या गाड्या आता शेतकऱ्याच्या जिवावर पळणार. टाळ्या वाजवणाऱ्यांत चांगुणाही होती. ते आठवून तिला स्वतःचाच राग आला.

मशीन रिकामं परत गेलं. तिने सगळी पंचक्रोशी पालथी घातली. जिकडे तिकडे मका दाण्यासाठी राखलेला. विकतच्या पेंडीवर गाई पोसायच्या, तर दुधाचा दर पुरेना. दिवाळीआधी दोन गाई घोडेगावच्या गुरांच्या बाजारात गेल्या, दिवाळीनंतर एक. राधाकृष्णाच्या घरचा तांब्या मात्र तिने चुकवला नाही. लेकराचा त्यात काय दोष! शेवटची गाय टेम्पोत चढेना, तेव्हा ती गोठ्यामागे जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाकृष्ण रिकामा तांब्या घेऊन दारात आला. मक्याला भाव चांगला मिळाला होता. बुडाखाली नवी मोटारसायकल होती.

"वैनी, आज दूध न्हाई आलं. सृष्टी रडतीया."

चांगुणा गोठा झाडत होती. त्याने एकामागून एक चारही खुंट्यांकडे पाहिलं. मग हातातल्या तांब्याकडे. त्या तांब्यात इतकी वर्षं आपलाच मका येत होता, हे त्याच्या आत्ता कुठे ध्यानात आलं.

"हायवेच्या पंपावर दुकान झालंय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तिथं पिशवीचं दूध मिळतंय. पेट्रोल भराया जाताल तवा घेऊन या."

त्याने गाडी वळवली.

"भावजी," तिने मागून हाक मारली, "येताना आमालाबी एक पिशवी आना."