त्या बाईचा हक्क

नव्या वारसा कायद्यानं भावकीतली भांडणं एकदाची मिटवली होती. मयताची साठवलेली स्मृती कोर्टात स्वतः बोलायची आणि तिचा शब्द हाच शेवटचा पुरावा धरला जायचा. उलटतपासणीची सोय नव्हती. मेलेल्या माणसाला त्रास कशाला?

सांगलीच्या कोर्टात आईचा आवाज आला आणि शरयूनं ओढणी तोंडाशी धरली. आईला सांभाळायला ती नोकरी सोडून आईच्याच घरात राहिली होती. दुसरं घर तिला नव्हतं.

"पोरगी शेवटी एकदासुद्धा फिरकली नाही," आई म्हणाली. "ती बाई होती म्हणून निभावलं. रोज वेणी घालायची, पण कधी केस ओढला नाही. घर त्या बाईला द्या."

"साहेब, ती बाई म्हणजे आमची ताईच," धाकटा मिलिंद उठून म्हणाला. "शेवटी शेवटी आई हिला ओळखत नव्हती."

"असेल," न्यायाधीश म्हणाले. "पण कायद्यात एका माणसाला एकच नातं लावता येतं. ती बाई म्हणून उभ्या राहिलात तर घर तुमचं, मात्र मुलगी म्हणून नोंद राहणार नाही. ती बाई सापडली नाही, तर घर सरकारजमा."

मिलिंद कुजबुजला, "ताई, बाई म्हण आणि मोकळी हो. आईला आता काय कळतंय?"

"तेव्हा तरी कुठं कळत होतं?"

कारकुनानं मान वर न करता विचारलं, "मयताशी नातं?"

"मुलगी," शरयू म्हणाली. "शेवटी न फिरकलेली."