पात्याची बाजू

तालुक्याच्या संग्रहालयात नवी वस्तू आली की नारळ फुटायचा आणि पहिला हात लावायचा मान ती देणाऱ्या घराला मिळायचा. आज घरची कुऱ्हाड दिली म्हणून तो मान रंगनाथ डुंबरेचा होता. आजीला फाडणाऱ्या बिबट्याला त्याच्या आजोबांनी याच कुऱ्हाडीनं मारलं, हे गावात पोरासोरांनाही पाठ होतं.

संग्रहालयाच्या शेटेबाईंनी त्याच्या हातावर जाळीचा मोजा चढवला. "हा घालून दांडा धरलात की घाव घालणाऱ्याचं सगळं अंगात येईल," त्या म्हणाल्या. "पात्याला मात्र हात लावू नका. तिथं घाव सोसणाऱ्याचं असतं."

रंगनाथनं हसत दांडा धरला. लगेच त्याचा हात खांद्यापासून उसळला, खाली आला, पुन्हा वर गेला. त्याच्या डोळ्यांसमोर बिबट्या नव्हताच. हिरव्या बांगड्यांचा एक हात डोकं वाचवायला आडवा आला आणि मनगटापासून तुटून पडला. रंगनाथ दातओठ खात आजोबांच्या आवाजात ओरडला, "मला उलटं बोलतेस?"

शेटेबाईंनी मोजा ओढून काढला, तसा तो मटकन खाली बसला.

पहिल्या रांगेतून त्याची ऐंशीची आत्या उठली. तिची आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. तिनं मोजा उचलून स्वतःच्या हातावर चढवला.

"आत्या, नको," रंगनाथ रडत म्हणाला. "फार दुखेल गं."

"दुखू दे," ती म्हणाली. "माझी आई दुसरीकडं कुठं उरलीय?"

आणि तिनं पात्यावर तळहात टेकवला.