कीओला दिलेला शब्द

मतदानाची घंटा घणघणत होती आणि सरकारचं एक मत सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यातल्या बाकावर मांडीवर हॅट घेऊन बसलं होतं. पक्षप्रतोद हॅलमचं डोकं फिरलं. “क्लॅरी, ऊठ! तुझ्याशिवाय मतं समसमान होतील, सभापतीच्या मतावर तरावं लागेल!” “मी कीओला शब्द दिलाय. तो बरा होऊन येईस्तोवर मीही मत देणार नाही.” विरोधकांतला कीओ आजारी, म्हणून त्याच्या बदल्यात इकडच्या एकानं मत द्यायचं नाही, अशी क्लॅरीशी त्याची जोडी हॅलमनंच लावली होती. “अरे, कीओ गेला! काल बॅलरॅटला तूच खांदा दिलास ना?” “दिला.” क्लॅरीनं हॅटवरची काळी फीत सारखी केली. “मग सुटलास की शब्दातून!” “सोडवायचं त्यानं असतं.” “मेलेला माणूस कसा सोडवेल, गाढवा?” “तोच तर घोळ झालाय.” हॅलम हात जोडणार तोच घंटा थांबली, आतून सभागृहाच्या दाराला कडी लागली. क्लॅरी बाकावर सरकला. “बस. मतं समसमान होती ती तुझ्यासकट.”