कोपरावरचा डाग

"अजून एकदा लाव बघू," इस्त्रीवाली म्हणाली.

वकिलाने मोबाईलवरचं भाषण पुन्हा सुरू केलं. पडद्यावर उमेदवार बाही वर सारून कोपर दाखवत होता. 'हा डाग बघा. आई थंडीतापाने कुडकुडत होती. तिला ऊब मिळावी म्हणून मी निखारे आणायला धावलो. तरी ती गेली. दवाखान्याच्या पायरीवर, याच मांडीवर डोकं ठेवून गेली.' समोरची गर्दी डोळे पुसत होती.

"जिभेला हाड म्हणून नाही मेल्याच्या." तिने इस्त्री अशी आपटली की टेबल हललं. "साखरेच्या डब्यात हात घालायला चढला आणि इस्त्रीवर पडला. म्हणे निखारे!"

"तुम्ही पाहिलंत?"

"माझीच इस्त्री होती ती."

वकील विरोधी पक्षाचा. ती जुनी वस्ती केव्हाच उठली होती, माणसं पांगली होती. त्या दिवसांतलं कुणीतरी सापडावं म्हणून तो गावभर फिरला होता.

"म्हणजे तुम्ही त्या घराच्या अगदी शेजारी?"

"मध्ये भिंतसुद्धा नव्हती."

"आणि ते पायरीवरचं मरण?"

"दवाखान्यात ती एकटीच चालत गेली. हा तेव्हा मामाच्या बंगल्यात. निरोप धाडला, तर म्हणे परीक्षा आहे. पुढच्या वेळी म्हणे पाहुणे आहेत. मग उत्तरच येईना. तेव्हा आईची लाज वाटायची. आता मतं हवीत, तर तीच कामाला आली. मेलेलं माणूस सोयीचं असतं बाबा, उलटून बोलत नाही."

वकील खूश झाला. "उद्या आमच्या सभेत एवढंच बोला, मावशी. तो पडलाच म्हणून समजा."

"तुमच्या नाही. त्याच्या सभेत बोलेन. तोंडावर."

दुसऱ्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कपड्यांना इस्त्री केली. मैदानात कार्यकर्ते आडवे आले, तर त्यांना कोपराने ढोसत ती थेट मंचावर चढली. वकील खाली फोन धरून उभा.

उमेदवाराने तिला पाहिलं. बाही वर सारायला गेलेला हात तसाच थांबला.

"कोण आहेत या, साहेब?" एका कार्यकर्त्याने विचारलं.

उमेदवाराने बाही नीट केली. मग माईकवर हसून म्हणाला, "आमच्या जुन्या शेजारी. माझ्या आईचं दुखणं यांनीच काढलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इस्त्रीवाली त्याच्याकडे बघत राहिली. काल दिवसभर घोकलेलं सगळं तिच्या ओठांवर आलेलं वकिलाला खालून दिसत होतं. देव करो आणि कुणाच्या कपाळी असा क्षण न येवो. तिने माईक हातात घेतला.

"हा सांगतो ते खरं आहे," ती म्हणाली. "याची आई मेली. माझ्यादेखत मेली. तिची चौकशी करत आता कुणी माझ्या दारात येऊ नका."

सगळं मैदान रडलं. वकिलाने फोन खिशात टाकला. "म्हातारीने केसाने गळा कापला," असं पुटपुटत तो गर्दीतून निघून गेला.

उमेदवार निवडून आला. असा आला, की समोरच्याची अनामतही गेली. विजयाची मिरवणूक इस्त्रीच्या दुकानासमोर थांबली. नव्या आमदाराने सगळ्यांना बाहेरच थांबवलं आणि एकटाच आत गेला.

इस्त्रीवालीने मान वर केली नाही. कुणाच्या तरी सदऱ्याची कॉलर ती पुन्हा पुन्हा दाबत होती.

"तुमचे फार उपकार झाले," तो म्हणाला. "माझ्याकडे राहायला चला. मागची खोली रिकामी आहे."

"कपडे असतील तर ठेवा, साहेब. उद्या मिळतील."

त्याने मागे वळून पाहिलं. दार नीट लागलंय याची खात्री केली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "असं काय करतेस, आई?"