भेटीचा पाचवा शनिवार

“आजही भेट नाही,” तुरुंगाच्या भेट-खिडकीतली लुसेलिया म्हणाली. “तुमचा एडिमार शिक्षेच्या कोठडीत आहे.”

“गेल्या शनिवारीही तेच सांगितलं होतंत,” झुल्मिरा म्हणाली.

“ती शिक्षा वेगळी. ही नवी. तीस दिवस.”

झुल्मिराने जेवणाची पारदर्शक पिशवी काचेपुढून उचलली. भात, काळ्या घेवड्याची उसळ, भेंडी घातलेली कोंबडी. भेट नाही तर जेवणही आत जात नाही, असा नियम. हा पाचवा शनिवार होता.

तुरुंग कंपनीचा. म्हणजे बांधला कंपनीने, चालवतेही तीच. सरकार कैदी पाठवतं आणि माणशी दर दिवसाचे पैसे देतं. ब्राझीलच्या या मीनास राज्यातल्या सरकारी तुरुंगांत एकेका खोलीत तीस-तीस जण कोंबलेले असतात, इथे चौघांना चार खाटा. एडिमारला इथे आणलं तेव्हा झुल्मिराने चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती. फाटकावर मोठी पाटी होती, ‘एकही कैदी पळाला नाही – दिवस १४१२’, आणि आकडा रोज सकाळी बदलला जाई. कैदी पळाला तर सरकार कंपनीच्या पैशाला कात्री लावतं, त्यामुळे कंपनी त्या पाटीला देवासारखी जपे.

झुल्मिराला घोर एकच होता. एडिमारचे अकरा महिने उरले होते, ते वाढू नयेत.

“त्याचे दिवस तर मोजले जातायत ना?” तिने विचारलं. “शिक्षेवर असला तरी?”

“मोजतो की. दिवसातून तीनदा हजेरी होते. आज सकाळीही संख्या बरोबर भरली.” हे सांगताना लुसेलिया खाली बघून पेनाचं टोपण काढत-लावत होती.

“मग झालं.”

रांगेत मागे क्लेओनिसी उभी होती. तिचा नवरा आत होता. “मग झालं काय, मावशी? पाच आठवडे पोराचं तोंड दिसलं नाही. मी असते तर काच फोडली असती.”

“फोड. म्हणजे नवऱ्याशेजारी तुलाही खाट मिळेल.”

“थट्टा पुरे. तो बघा, सरकारचा माणूस आलाय. त्याला सांगा.”

कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या टेबलाशी अबेलार्दो बसला होता. महिन्यातून एकदा येऊन तो नातेवाइकांना प्रश्न विचारी आणि कंपनीला गुण देई. क्लेओनिसीने झुल्मिराला दंडाला धरून त्याच्यासमोर बसवलं.

“मुलाचं नाव?”

“एडिमार.”

“भेट झाली?”

झुल्मिराने खिडकीकडे पाहिलं. लुसेलिया उठून उभी राहिली होती. एक शब्द वाकडा गेला तर पोराचं काय होईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“नाही झाली. शिक्षेवर आहे. चूक त्याचीच असणार. लहानपणापासून वांड आहे.”

“काही तक्रार?”

“नाही. इथली माणसं चांगली आहेत. लिहा तसं.”

अबेलार्दोने पेन खाली ठेवलं. “घाबरू नका, बाई. तुम्ही म्हणाल तर आत्ता आत जाऊन त्याला बघून येतो. तेवढा अधिकार आहे मला.”

“नको.” तिने टेबलाची कड घट्ट धरली. “कशाला उगाच? तुम्ही आज जाल निघून. राग त्याच्यावर काढतील.”

अशा आया अबेलार्दोने पुष्कळ पाहिल्या होत्या. त्याने ‘तक्रार नाही’ असं लिहिलं आणि पुढच्या बाईला बोलावलं.

“तुम्ही अशा गप्प बसता म्हणून यांचं फावतं,” क्लेओनिसी चिडून म्हणाली.

“काय करू, सांग ना तूच. माझ्या हातात आहे काय?” झुल्मिराचे डोळे भरून आले. ते काही सोंग नव्हतं. पाच आठवड्यांत तिला धड झोप लागली नव्हती. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज झाला तरी ती उठून पडद्याआडून बघे.

झुल्मिरा निघाली तशी लुसेलिया फाटकापर्यंत तिच्यामागून आली. दबक्या आवाजात म्हणाली, “पुढच्या शनिवारी येताय ना?”

“येते.”

“चुकवू नका. कुणाची आई यायची थांबली की लोक विचारायला लागतात.”

दोघींनी एकमेकींकडे क्षणभर पाहिलं. मग लुसेलिया आत गेली.

दोन बस बदलून आणि टेकडीच्या पायऱ्या चढून झुल्मिरा घरी पोचली तेव्हा दुपार झाली होती. तिने पुढच्या दाराला आतून कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला आणि मागच्या खोलीचं कुलूप काढलं.

खाटेवर बसलेल्या एडिमारने वर पाहिलं. “काय म्हणाले?”

“आतच आहेस म्हणाले. अकरा महिने हलू नकोस.”