अनुमोदक

"ऐक पोरी, आन् सांग ह्यो कुणाचा आवाज हाय ते," धोंडिबा म्हणाला आणि त्याने की-बोर्डवर बोट आपटलं.

कढईत मोहरी तडतडावी तशी खरखर स्पीकरमधून आली. तिच्यामागे माणसं बोलत होती, पण शब्द एकही लागत नव्हता.

कामशेत स्टेशनजवळच्या त्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात चैताली एकटीच कामावर होती. तिने आवाज बारीक केला. "मशीन कुणाचं आहे, आबा?"

"ग्रामपंचायतीचं. सरपंचबाईंना इचारून आणलंय. मागल्या ग्रामसभेचं रेकॉर्डिंग हाय त्यात. उद्याच्या सभेत ऐकवायचंय सगळ्या गावाला."

मागे दत्तोबा मास्तर उभे होते. शाळेतून निवृत्त झालेले. अक्षर चांगलं म्हणून सहा वर्षं सभेचं इतिवृत्त तेच लिहून देत. त्यांची मुलगी माधवी धोंडिबाच्या घरात दिलेली. दोघे व्याही आज एकाच रिक्षाने आले होते, पण वाटेत बोलले नव्हते.

"पाव्हणं, वहीत नाव माझंच आहे," मास्तर म्हणाले. "अक्षरही माझंच. मग ऐकायचं कशाला?"

"माझ्या बायकोला, भागूला ऐकायचंय म्हनून!" धोंडिबा चैतालीकडे वळला. "आमच्या गावचा झरा बंगलेवाल्याला दिला ह्यांनी. ठरावाचे अनुमोदक कोण? तर हे. झऱ्यावर कुंपण पडलं तवा आमाला कळलं. आन् आमची बायको म्हणती, मास्तर सभेत तोंड उघडत न्हाईत, ते असं बोलायचे न्हाईत. कानांनी ऐकल्याबिगर सुनेला म्हायेरी धाडू द्यायची न्हाई म्हणती."

"सुनेला कशाला धाडायचं?" चैतालीने विचारलं.

"गावाचं पाणी विकणाऱ्याची पोरगी माझ्या घरात नको. बॅग भरून ठिवलीया तिची."



चैतालीने स्पीकर काढून हेडफोन लावला. खरखर तशीच. पुढचं भोक सोडून मागच्या भोकात पिन घातली. तशीच. मग तिने ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला आणि मशीन बंद करून चालू केलं. धोंडिबा टेबलावर बोटं वाजवत होता.

"बोर्डावरचा आवाजाचा भाग गेलाय बहुतेक," ती म्हणाली. "आता दोन मार्ग आहेत. एक म्हणजे..."

"कर."

"ऐकून तर घ्या, आबा."

"त्यात काय ऐकायचं? तुला कळतं ते कर."

"माझं ऐकाल तर," मास्तर मध्येच म्हणाले, "मशीन फार जुनं आहे. बोर्ड बदलण्यापेक्षा नवंच घ्यावं. उद्या सभेत तसा ठराव मांडू. रीतसर कोटेशन मागवू. दोन-तीन महिन्यांत होईल."

धोंडिबा हसला. "बघ, बघ कसं तोंड फुटलं! ह्यो माणूस सभेत मुका असतो. आन् आता नवीन कॉम्प्युटर पायजे ह्याला. तीन महिने! तवर झऱ्यावर पोहायचा तलाव बांधून होईल, मास्तर."

"नव्या मशीनची काही गरज नाही," चैताली म्हणाली. "आधी एक बघते. ही फाईल माझ्या मशीनवर घेते. तिथंही खरखरली तर दोष रेकॉर्डिंगचा."

"नको." मास्तर पुढे झाले. त्यांनी हात टेबलावर ठेवला, मग लगेच उचलला. "पंचायतीचं दप्तर आहे ते. असं बाहेरच्या मशीनवर घेणं... मला बरं वाटत नाही. माझं चुकतही असेल."

"चुकतंय तर गप बसा की."

"पाव्हणं, तुमच्या पाया पडतो. खरखरतंय तर खरखरू द्या. मी उद्या सभेत उभा राहतो. माझंच नाव आहे म्हणून सांगतो सगळ्यांना. वहिनींनाही घरी येऊन सांगतो. फक्त पोरीला ठेवून घ्या."

"बघ पोरी, कबूल झाला!" धोंडिबाचा आवाज चढला. रस्त्यावरून जाणारी एक बाई थांबून आत बघू लागली. "पण मला कबुली नको. चार लोकांत आवाज ऐकवायचाय. सोयरा म्हनून पाच वर्षं पंगतीत शेजारी बसवला मी ह्याला."

चैतालीने मास्तरांकडे पाहिलं. त्यांची नजर जमिनीवर होती. तिला त्यांचा राग आला, आणि कीवही.

"फाईल हलवत नाही, सर," ती म्हणाली. ड्रॉवरमधून तिने अंगठ्याएवढी डबी काढली. "हे बाहेरून लावायचं साउंड कार्ड. बोर्डाला हातही लावायला नको. एवढं बदललं की पुरे."

"लाव," धोंडिबा म्हणाला.

"लावून झाल्यावर आवाज गावाला जाईल, आबा. चांगला असो, वाईट असो."

"लाव म्हणलं ना."

मास्तर दाराकडे गेले, तिथेच थांबले. पाठमोरे.

तिने डबी खोचली, स्पीकरची पिन तिच्यात घातली आणि फाईल सुरू केली. खरखर नव्हती. सभेतल्या खुर्च्या सरकल्याचं ऐकू आलं, कुणाचा तरी फोन वाजला. मग सरपंच सविताबाईंचा आवाज आला, अगदी शेजारी उभ्या असल्यासारखा. "विषय क्रमांक नऊ. झऱ्याची जागा प्रकल्पासाठी देणे. सूचक झाले. अनुमोदन कोण देतंय?"

धोंडिबाने स्पीकर स्वतःकडे ओढला.

"माझं टाका," सभेतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं.

मग माईकच्या अगदी जवळून एक दबका आवाज आला. "पाव्हणं, विषय ऐकलात का नीट? आपल्या झऱ्याचा आहे."

"त्यात काय ऐकायचं, मास्तर? लिवा माझं नाव, आन् पुढचं घ्या."