पहिली हाक

दुपारी पठारावरचा वारा अगदीच पडला. छपरावरची पवनचक्की थांबली, म्हणजे घरात वीज नव्हती. तरी सवयीनं हौसाबाईंनी विचारलं, "अवो, च्या टाकू का?"

"टाक की," कोनाड्यातल्या डबीतून आबांचा आवाज लगेच आला.

हौसाबाई दचकल्याच. त्यांचे नवरे आबा तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हा लेकीनं, शालननं, त्यांचा आवाज, त्यांचं बोलणं, सगळ्या लकबी त्या डबीत भरून दिल्या होत्या. डबी चालायची छपरावरच्या विजेवर. वारा भरात असला की आबा बोलायचे, मंद असला की दोनतीनदा हाक मारावी लागायची, आणि पडला की दिवस दिवस गप्प. पठारावरची बाकीची घरं केव्हाच खाली उतरली होती. हौसाबाईंना बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

"आये, आता वाऱ्याची वाट बघायला नको," सकाळच्या एसटीनं आलेली शालन हसत म्हणाली. "बॅटरी बसवलीय. कधीपण हाक मार, आबा बोलतील."

चारच्या एसटीनं शालन गेली. हौसाबाईंनी हाक मारली, "अवो!"

"बोल की."

थोड्या वेळानं परत मारली.

"बोल की."

चाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं पहिल्या हाकेला कधी ओ दिली नव्हती.

त्यांनी बॅटरीची वायर उपटली आणि उंबऱ्यावर येऊन बसल्या. छपरावरचं पातं हलत नव्हतं.

"अवो," त्यांनी हाक मारली.

कुणीच ओ दिली नाही. तेव्हा कुठं त्यांना आबा घरात असल्यासारखं वाटलं.